गरम चिमटा

काल पुतणीच्या लग्नात, वर्धा रोडच्या लॉनवर, आइस्क्रीमवाल्याने भांड्यात द्रव नायट्रोजन ओतला. पांढरा धूर टेबलावरून खाली सांडला आणि मी थेट कळमेश्वरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत पोहोचले, चोवीस वर्षांची.

दवाखान्यातल्या अतिथंड द्रव ऑक्सिजनच्या टाकीसाठी पातळ नळ्या बनवल्या होत्या. त्यांच्या वेल्डिंगमधून कापलेला तुकडा याच नायट्रोजनमध्ये गारठवायचा, चिमट्याने काढायचा आणि पाच सेकंदांत त्यावर मशीनचा हातोडा सोडायचा. तुकडा आइस्क्रीमच्या काडीएवढा, गरम हात लागला तरी तापणारा. म्हणून चिमटाही सोबत बुडवून ठेवायचा असतो. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी टेबलावर पडलेलाच चिमटा उचलला. तुकडा नुसता वाकला, तुटला नाही. म्हणजे माल पास.

"रिपोर्टवर सही कर ना वं, गाडी भरून उभी हाये."

"चिमटा गरम होता, साहेब. मी सही करत नाही."

"तुले मशीनपेक्षा जास्त समजते काय?"

मी दुसरा तुकडा आणि चिमटा, दोन्ही बुडवले, थांबले आणि हातोडा सोडला. टक्कन वेल्डिंगवरच दोन तुकडे झाले. ते तुकडे मी साहेबांच्या समोर नेऊन ठेवले.

गाडी रिकामी करावी लागली. सोमवारी माझी बदली स्टोअरमध्ये झाली. तेव्हा ती हार वाटून मी घरी रडले होते. काल त्याच रडण्याचा राग आला.

"मागं सरका ताई, खूप थंड राहते हे," आइस्क्रीमवाला म्हणाला.

मी जागची हलले नाही.