साडेतीन शिंगांची गोगलगाय

ये गं, कागदावर का होईना, अशी जवळ ये. मोठी झालीस म्हणून काय म्हातारीला विसरायचं? दोन दिवाळ्या गेल्या, एक चिठ्ठी नाही! बरं, कान इकडे कर. तू सहा वर्षांची होतीस तेव्हाचं एक विचारायचं राहिलंय.

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या ओसरीवर मी दुपारी घरात मराठी, गल्लीत हिंदी बोलणाऱ्या तुम्हा आठ-दहा पोरांना जमवायची. मी कुठली शिकलेली! रद्दीत विज्ञानाचं एक पुस्तक सापडलं. त्यात होतं, मुलांना जिवंत प्राणी दाखवा आणि दिसेल ते त्यांनाच बोलू द्या. मला पटलं. तुळशीच्या कुंडीतली गोगलगाय उचलून ओल्या काचेवर ठेवली.

"काय दिसतं?"

सगळी माझ्याच तोंडाकडे बघायला लागली. मग न राहवून मीच म्हटलं, "गोगलगाईला चार शिंगं असतात." झालं! सगळ्यांनी एका सुरात दोनदा म्हटलं. आपल्या घाटाची रीतच ती. गुरुजींनी एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा. तुझ्या वडिलांकडे पहाटेपासून अशीच संथा चालायची. आतून आमचे हे ओरडले, "अगं, विज्ञान शिकवतेस की वेद?"

तू तेवढी काचेला नाक लावून बसली होतीस. म्हणालीस, "मौसी, तीन ही हैं."

"नीट बघ. पुस्तकात चार आहेत."

तू लगेच कान पकडलास. "चुकलं, मावशी. चार."

तुम्ही गेल्यावर मी चष्मा लावून पाहिलं, तर तीनच! एक लांब शिंग मुळापासून तुटलेलं. एकच पोर डोळ्यांनी बघत होती, आणि तिलाच मी कान धरायला लावला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझंच चुकलं. तीनच आहेत."

"तीनच आहेत, तीनच आहेत!" पुन्हा दोनदा. तूही म्हणालीस, काचेकडे न बघता. आता काय करावं? मी बोलले नाही तर कुणी बोलत नाही, आणि बोलले तर कुणी बघत नाही. शेवटी ठरवलं, आकडाच काढायचा नाही. गोगलगाय काचेच्या बरणीत ठेवून रोज काकडीची साल घालायची आणि तोंड बंद ठेवून बसायचं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं, तुला ठाऊकच आहे.

दोन-तीन आठवड्यांनी तू एकदम म्हणालीस, "साडेतीन."

पोरं खो-खो हसली. "अरे, साढ़े तीन भी कहीं सींग होते हैं!"

तू कान पकडला नाहीस. मी वाकून पाहिलं. तुटल्या जागी मोहरीएवढं काहीतरी होतं. कोंब म्हणावा, तर पाण्याचा थेंबही असेल. चष्मा पुसेपर्यंत बाईसाहेब शंखात गेल्या. दुसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उघडं आणि गोगलगाय पसार.

तेव्हापासून माझा गोंधळ आहे. तुला खरंच नवं शिंग फुटताना दिसलं? की पुस्तकाची चार आणि मावशीची तीन, म्हणून दोघांचं मन राखलंस? की घरी साडेतीन मुहूर्त ऐकून ते तोंडात बसलं होतं? तेव्हा विचारायला धजले नाही. विचारलं असतं तर पुन्हा कानाला हात गेला असता.

कुंडीत परत गोगलगायी आल्यात. शिंगं मी मोजलेली नाहीत, कुणाला मोजूही दिलेली नाहीत. पाऊस गेला की त्या दडी मारतील; भाद्रपद सरायच्या आत ये बाई.