चौकोनराव आणि मावळतीचं ऊन

आमच्या शेजाऱ्याला मी चौकोनराव म्हणतो, तेही तोंडावर. महामार्गावरच्या ज्या चौकांत गाड्या सुसाट येतात, तिथल्या खांबांवर कॅमेरे बसवायचे आणि पडद्यावरच्या रस्त्यावर चौकोन आखायचे, हे त्याचं काम. चौकोनात गाडी दिसली की सिग्नल हिरवा जरा लांबवतो. भरधाव ट्रक ऐनवेळी लाल दिव्यात सापडत नाही. माणूस मुलखाचा घाबरट. कुलूप लावून जिना उतरतो आणि परत चढून ओढून बघतो. "ह्यांना डोळे काळजी करायलाच मिळालेत," असं वहिनीच सांगतात.

परवा संध्याकाळी तो माझ्याकडे चहाला बसला होता. खिडकीतून तिरपं ऊन आलं, मी डोळ्यांवर हात धरला आणि त्याचा कप बशीवर आदळला. चेहरा पांढराफटक. उन्हानं कॅमेरा दिपला, तर सिग्नलनं त्याचं न ऐकता ठरलेल्या वेळेनं चालावं अशी सोय असते म्हणे. दुपारी तपासणीसाठी यानं ती बंद केलेली, आणि परत चालू केल्याचं काही आठवेना. कुलपावर विश्वास नसलेला माणूस विसरला ते नेमकं हे. म्हणजे आता कॅमेऱ्याला महामार्ग रिकामा वाटणार आणि आडव्या रस्त्याला खुशाल हिरवा मिळणार. त्याच आडव्या रस्त्यानं वहिनी या वेळी स्कूटरवरून घरी येतात.

वहिनी फोन उचलेनात. कंट्रोल रूमचा लागेना. मी गाडी काढली. वाटेत त्याला हसवावं म्हटलं, तर मीच गिअर चुकलो.

चौकात पोहोचलो तेव्हा वहिनी आडव्या रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे, पाय टेकून उभ्या. तो सिग्नलच्या पेटीकडे धावला. घाईत किल्ली आत जाईना. तेवढ्यात महामार्गाचा लाल झाला, वहिनींचा हिरवा. आणि महामार्गावरून एक भरधाव ट्रक तर येतच होता. यानं किल्ली टाकून दिली आणि वहिनींकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून उभा राहिला. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. वहिनी हलल्या नाहीत. ब्रेक करकचत ट्रक त्यांच्या पुढ्यातून निघून गेला.

किल्ली मी उचलून दिली. पेटी उघडून त्यानं ती सोय चालू केली, तोवर वहिनी स्कूटर कडेला लावून आल्या.

"हिरवा होता की हो," त्या म्हणाल्या.

"मग थांबलीस का?"

"तुम्ही हात वर केलेत. म्हटलं, ह्यांना काहीतरी दिसलंय."

मग त्यानं पुन्हा कंट्रोल रूमला फोन लावला, आणि या वेळी लागला तेव्हा चूक आपली आहे हे आधी सांगितलं. ऊन उतरेपर्यंत तो पेटीपासून हलला नाही. वहिनींनी हेल्मेट काढलं आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.