खिळ्यावरचा फोन

आधी अक्कांचं सांगतो, मग बाकीचं. त्या नसत्या तर मी आजही जुन्नर-आंबेगावच्या विहिरींवर स्टार्टरच्या पेट्या बसवत फिरत असतो, आणि आज ज्या खुर्चीवर जीव मुठीत धरून बसतो ती खुर्ची मला कधी दिसलीही नसती.

अक्का म्हणजे आमच्या बंगळुरूच्या ऑफिसातल्या टेस्टर. ॲप लोकांच्या हातात जायच्या आधी ते कुठं कुठं अडेल हे शोधायचं, हे त्यांचं काम. मूळच्या निपाणीकडच्या, म्हणून मराठी बोलायच्या, पण कानडी हेल काढून. शेतातली मोटार घरी बसून फोनवरून चालू-बंद करायचं ॲप आमची कंपनी बनवते. मी तिचा गावाकडचा फिटर होतो. नववीतच शाळा सोडलेली. पेटी बसवायची, मोटार फिरवून दाखवायची, कागदावर सही घ्यायची, की पुढची विहीर. काही अडलं की बंगळुरूला फोन लावायचो आणि तिकडून अक्का बोलायच्या. बाकीचे फिटर 'ॲप चालत नाही' एवढंच सांगायचे. मी काय केल्यावर काय झालं, तेव्हा लाईट कशी होती, पेटीवर कुठला दिवा लागला, सगळं क्रमानं सांगायचो. अक्कांना ते आवडलं. साहेबांच्या मागं लागून त्यांनी मला बंगळुरूला बोलावून घेतलं.

साहेबांनी शिक्षण विचारलं तेव्हा मी टेबलाकडं बघत बसलो. अक्काच बोलल्या, "शिक्षण मी देते की त्याला. तुम्ही नुसती जागा द्या."

जागा मिळाली. शिक्षण त्यांनी खरोखरच दिलं. शेजारी बसवून, चुकलं की पेन्सिलीनं बोटावर टकटक करून. कोड लिहायला मी व्हिडिओ बघून शिकलो, पण कोड लिहिण्याआधी विचारायचं काय, ते त्यांच्याकडून. त्यांची एक लांब वही होती. तिच्यात नुसते प्रश्न. मोटार चालू असताना फोनची बॅटरी संपली तर? फोन पावसात भिजला तर? चष्मा घरी राहिला तर?

एकदा जेवताना मी गंमत म्हणून गावाकडची गोष्ट सांगितली. महाळुंगे पडवळच्या बाजूला आमची भावकीतली विहीर आहे. विहीर एक, घरं चार. पाण्याची पाळी ठरलेली, प्रत्येकाला दोन-दोन दिवस. कंपनीची पेटी बसवली तेव्हा प्रश्न आला की फोन कुणाचा? मग चौघांत मिळून एक साधासा फोन घेतला आणि मोटारीच्या खोलीत खिळ्याला पिशवीत टांगून ठेवला. ज्याची पाळी त्यानं काढायचा, मोटार चालू करायची, परत टांगायचा. पेटीला मात्र कुलूप, कारण पूर्वी पाण्यावरनं डोकी फुटलेली. किल्ली माझ्या चुलतभावाकडं, कारण तो सगळ्यांत थोरला. ॲपमध्ये मालक म्हणून नाव आणि नंबरही त्याचाच.

मी हसत होतो. अक्का हसल्या नाहीत. डाव्या हातात ताट तसंच, उजव्यानं वही ओढली. "हात खरकटा आहे, अक्का." "असू दे की." आणि लिहिलं: विहीर एक, घरं चार, फोन खिळ्याला. वहीच्या त्या पानावर आमटीचा डाग अजून आहे.

मी आलो तेव्हा अँड्रॉइडचं ॲप काही माणसं लिहायची, आयफोनचं दुसरी, वेबसाईटचं तिसरी. मग तिन्ही एकाच कोडमधून निघायला लागली आणि दोन टेबलं रिकामी झाली. कोपऱ्यात गरम होऊन घरघरणारा सर्व्हर गेला, सगळं क्लाऊडवर चढलं, आणि तो सर्व्हर सांभाळणारा माणूस केक कापून निघून गेला. पूर्वी महिन्यातून एकदा नवीन ॲप निघायचं, आता आठवड्याला निघतं. मग कोड लिहिणारं एआय आलं. मला नोकरी जायची भीती पहिल्या दिवसापासूनच होती, आता तिला दात फुटले. पण एआय आल्यावर मी टिकलो, हे खरं. इंग्रजीत जे लिहायला मला तीन दिवस लागायचे ते एआय मिनिटात लिहून द्यायचं. वाचून दुरुस्त करायला मी अक्कांकडनं शिकलेलो होतोच.

साहेबांनी सांगितलं, वहीतले सगळे प्रश्न एआयला द्या, ते त्यांच्या चाचण्या बनवेल आणि दर आठवड्याला आपोआप चालवेल. आठवडाभर अक्का वाचत होत्या आणि मी टाईप करत होतो. एकेका ओळीला थांबून त्या मागची गोष्ट सांगत होत्या. चाचण्या झकास तयार झाल्या. पुढच्या शुक्रवारी अक्कांना आत बोलावलं. बाहेर आल्या त्या डबा आणि छत्री उचलायलाच.

वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "आता माझ्या कामाची नाही. तुला लागेल."

मी म्हणालो, "अक्का, मी टाईप केलं हो सगळं."

"कुणीतरी केलंच असतं की," त्या म्हणाल्या. "तू निदान बरोबर केलंस."

इथपर्यंत दोष दुसऱ्यांचा, असं मी स्वतःला सांगू शकतो. इथून पुढं नाही.

दोन आठवड्यांनी नवीन लॉगिन आलं. फोन चोरीला गेला तर भलत्याच कुणी मोटार चालवू नये म्हणून ॲप उघडताना मालकाचा चेहरा बघणार. चेहरा जुळला नाही तर मालकाच्या स्वतःच्या नंबरवर ओटीपी जाणार. सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास, आणि एक लाल राहिली. विहीर एक, घरं चार, फोन खिळ्याला.

मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावरची ती ओळ वाचली आणि हसले. "हे काय आहे? खिळा? असं कुठं असतं?"

सगळे हसले. टेबलाभोवती सहा माणसं, सहाही डिग्रीवाली. माझ्या ओठांवर आलं होतं की सर, आमच्याकडं असतं, माझ्या सख्ख्या काकीच्या विहिरीवर आहे. पण ते बोललो असतो तर खिळ्याला टांगलेला मीच असतो त्या खोलीत. आणि तेव्हा नोकरीवरून काढायच्या यादीत पुढचं नाव कुणाचं, याची कुजबुज रोज चालू होती.

मी म्हणालो, "आता नसतं सर तसं. जुनं आहे ते."

"मग काढून टाक."

मी काढली. एक ओळ. सगळं हिरवं झालं.

चैत्र संपत आला होता. काकीनं आधीच्या पाळीत टोमॅटो लावला होता, त्यावर सहा दिवस कोरडे गेले होते आणि तिची पाळी सकाळी सुरू होत होती. चुलतभाऊ आदल्या दिवशी भाविकांची गाडी घेऊन भीमाशंकरला गेलेला. वर जंगलात रेंज नाही, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

सकाळी दहाला काकीचा फोन आला, तिच्या स्वतःच्या बटणाच्या फोनवरून.

"आरं, तुझं ते ॲप माझं तोंड बघतंय आन् न्हाई म्हणतंय. लग्नाच्या वक्ताला सुदिक कुणी न्हाई म्हणलं नव्हतं."

मला हसू आलं, आणि लगेच ती पुसलेली ओळ आठवली. "काकी, पेटीचं कुलूप तोड. हातानं बटण दाब."

"आन् उद्या भावकी म्हणंल पाणी चोरलं. मी कुलपाला हात लावायची न्हाई. तू तिकडनं चालू कर की. मागं त्या बाई करून द्यायच्या न्हाई का?"

खरं होतं. अक्का असताना उठून कोपऱ्यातल्या सर्व्हरपाशी जायच्या आणि जुन्नरची मोटार बंगळुरूतून फिरवून द्यायच्या. आता क्लाऊडला हात लावायचा तर साहेबांची परवानगी. म्हणजे आत जाऊन सांगायचं की ती खिळ्याची गोष्ट खरी आहे, मीच खोटं बोललो. साहेब काचेच्या खोलीत माझ्यापासून दहा पावलांवर बसले होते. मी उठलो, पाणी पिऊन आलो आणि एक तक्रार नोंदवली, साध्या ग्राहकानं नोंदवावी तशी. उत्तर आलं, तेही यंत्रानंच लिहिलेलं: आपली अडचण आम्ही समजू शकतो. तातडी: कमी. बाधित ग्राहक: एक.

मोटार एक, म्हणून ग्राहक एक. घरं चार आहेत हे त्या यंत्राला सांगणारी ओळ मीच पुसली होती.

दुसऱ्या दिवशी काकीनं चार वेळा फोन केला. चौथ्याला मी उचललाच नाही.

चुलतभाऊ त्याच दिवशी, दिवस मावळताना परत आला, तोवर शेतीची लाईट गेलेली. तिसरा दिवस त्याच्याच पाळीचा. काकी त्याच्याकडं गेली तर तो म्हणाला, "काकी, पाळी गेली की गेली. आपलाच नेम हाय. माझा झेंडू बी होरपळलाय." तो दुष्ट नाही. आमच्या विहिरीवर गेलेली पाळी परत मिळत नाही. ती मागितली की भांडण, आणि भांडण नको म्हणून तर पाळी. काकीनं प्यायच्या नळावरून हंडे वाहिले. डोक्यावर एक, कमरेवर एक. दोन सऱ्या जगल्या. बाकी वावरात ओल टिकावी म्हणून अंथरलेला काळा मल्चिंग पेपर आणि त्याच्या भोकाभोकांत वाळलेल्या काड्या.

ऑफिसात ही गोष्ट पोहोचली, कारण अशी विहीर आमची एकच नव्हती. ओझरच्या अलीकडून, घोडनदीच्या काठाकाठानं तक्रारी आल्या, तेव्हा कुठं तातडी वाढली. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, चाचणीत हे सुटलं कसं? खिळ्यावर हसलेलं कुणालाच आठवत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "जुन्या टेस्टरच्या यादीत नसेल." साहेबांनी मान हलवली. "म्हणूनच माणसांवर अवलंबून राहायचं नाही."

ती वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. आमटीच्या डागासकट. मी ड्रॉवर उघडला नाही. ओळ त्याच दिवशी कोडमध्ये परत घातली. नवीन चाचणी म्हणून, माझ्या नावानं. साहेब म्हणाले, गुड कॅच.

जेठात गावी गेलो. फाट्यावर चहाला थांबलो तर बाकावरनं आवाज आला, "या पावणं! तोंड दाखवा आधी, मंग च्या मिळंल." सगळे फिदीफिदी हसले. दुसरा म्हणाला, "राव, लई शिकलेली लोकं हायेत तिकडं, त्यांला इचारून सांगा, बैलाचं तोंड चालंल का." मीही हसलो. काय करणार. मी लई शिकलेल्यांतला नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

काकीनं जेवायला वाढलं. टोमॅटोचं काही बोलली नाही. भाकरी देताना एवढंच विचारलं, "त्या बाई कुठं गेल्या रं? त्या असत्या तर झालं असतं."

"कामावर न्हाईत आता."

"का?"

मी भाकरी मोडत राहिलो.

परत आल्यावर अक्कांना फोन केला. त्या आता बहिणीच्या शिवणाच्या दुकानात बसतात. मागं मशीनचा आवाज येत होता. मी काकीच्या विहिरीचं सांगितलं. सगळं नाही. ओळ कुणी पुसली ते गाळून.

त्या म्हणाल्या, "वहीत होतं की रे ते. मी लिहिलेलं आठवतंय मला. का माझंच राहिलं?"

त्यांचा आवाज खाली आला होता. माझी चूक त्या स्वतःच्या वहीत शोधत होत्या.

"होतं, अक्का," मी म्हणालो. "तुमचं होतं." पुढचं वाक्य आलं नाही. दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी फोन ठेवला.

मी अजून त्याच खुर्चीवर आहे. रोज सकाळी कार्ड दाराला लावतो आणि हिरवा दिवा लागेपर्यंत श्वास धरून उभा राहतो. ज्यांनी मला इथं बसवलं त्यांच्या नावावर मी माझी चूक जाऊ दिली, आणि त्यांनाही अर्धंच सांगितलं. अक्का, हे तुमच्यासाठीच लिहितोय. एक दिवस मी ती वही त्या मीटिंगच्या टेबलावर उघडीन, आमटीचं पान वर करून, आणि सहाही जणांसमोर सांगीन की ही ओळ अक्कांनी लिहिली होती आणि मी पुसली. मग खुर्ची राहो न राहो. तिथून तडक तुमच्या दुकानात येईन, वही तुमच्या हातात देईन आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करीन.

तो दिवस आज नाही. आज मी घाबरलेलो आहे. पण तो येईल, हा शब्द देतो.