सासऱ्यांचे बारा नमस्कार

माझ्या सासऱ्यांनी सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर केली, तीही खाली, इंजिनच्या खोलीत. निवृत्त होऊन देवबागला परतले तेव्हा एक जाड सतरंजी आणि एक सवय बरोबर घेऊन आले. रोज पहाटे खाडीकडच्या अंगणात ते बारा सूर्यनमस्कार घालायचे. प्रत्येक नमस्काराआधी सूर्याचं एक नाव मोठ्याने घ्यायचे. मग प्राणायाम आणि ध्यान. तोवर अंगणातून कुणी ये-जा करू नये अशी त्यांची अपेक्षा असायची.

मला त्याचा राग यायचा. आमच्या घराच्या चार खोल्या पर्यटकांना दिलेल्या. सकाळी पाहुणे डॉल्फिन बघायला माझ्या नवऱ्याच्या होडीतून जातात, त्याआधी त्यांच्या पोटात घावणे आणि चहा गेला पाहिजे. विहीर नेमकी अंगणापलीकडे. मी कळशी मुद्दाम वाजवत कडेकडेने जायचे. त्यांनी कधी डोळे उघडले नाहीत. एकदाच म्हणाले, "गो, वायच बस हय. पाच मिन्टां."

"माका येळ नाय," मी म्हटलं. "घावणे काय तुमचो देव काढतलो?"

ते हसले. पुन्हा कधी बोलावलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, गणपती होऊन थोडेच दिवस झाले होते, ते त्याच सतरंजीवर कोसळले. पक्षाघात. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर कळलं की त्यांना समजतं सगळं, पण पाणी मागायचं तरी तोंडातून नुसतं "तो... तो..." निघतं. मग चिडून डावा हात खाटेवर आपटायचे.

कुडाळला बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंकडे आम्ही त्यांना न्यायचो. त्या म्हणाल्या, "नेहमीचं बोलणं अडलं तरी वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं कधी कधी बाहेर येतं. ते रोज काय म्हणायचे?"

"सूर्याची नावं," नवरा म्हणाला.

"मग रोज त्याच वेळी, त्याच जागी त्यांच्यासोबत ती म्हणा."

नवरा पहाटे होडीच्या तयारीला जातो. म्हणजे हे काम माझ्याकडे आलं.

इतकी वर्षं कानावर पडूनही मला ती नावं येत नव्हती. नवऱ्याने कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिली. मी बाबांना खुर्चीत बसवायचे, एक नाव म्हणायचे, थांबायचे, दुसरं म्हणायचे. ते माझ्या ओठांकडे टक लावून बघायचे. आवाज काही फुटायचा नाही. महिनाभर हेच. माझं अर्धं लक्ष शेगडीवरच्या तव्याकडे.

एका सकाळी घरात सहा पाहुणे, त्यात गॅस संपलेला. बारा नावं एकदाची उरकून मी उठले, तर बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. परत म्हण, असं त्यांना सांगायचं होतं. मी हिसडा मारला. "सोडा, बाबांनू! तुमच्यापायी सगळा काम खोळंबला माजा. नाय येणा तर नाय येणा!"

त्यांनी हात सोडला. स्वयंपाकघराच्या दारातून मी मागे बघितलं तर ते रडत होते. मी तशीच आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते खाटेवरून उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोनदा हाक मारली, वळले नाहीत. माफी मागायची मला सवय नव्हती. मग मी त्यांची सतरंजी अंगणात, त्यांच्या खिडकीखाली अंथरली आणि तिच्यावर उभी राहिले. नावांचा कागद आतच राहिला होता. हात जोडले, जमेल तशी वाकले, एकेक नाव घ्यायला लागले. मित्राय, रवये, सूर्याय, भानवे, खगाय. तिथून मी थेट हिरण्यगर्भाय म्हटलं.

"पूष्णे."

मला वाटलं कुणी पाहुणा उठला. अंगणात कुणी नव्हतं.

"पूष्णे!" या वेळी आवाजात चीड होती, आणि तो खिडकीतून आला होता.

मी धावत आत गेले. बाबा अजून भिंतीकडेच तोंड करून होते. मी खाटेशी जमिनीवर बसले. हसू की रडू कळेना. "चुकलंय, बाबांनू," मी म्हटलं. "कालपण चुकलंय."

ते हळूहळू माझ्याकडे वळले. डावा हात उचलून त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. पहिल्यापासून, असा त्याचा अर्थ होता. मी पहिल्यापासून केलं.

संक्रांतीपर्यंत त्यांना पाच नावं येऊ लागली, शिमग्यापर्यंत बाराही. मधूनमधून साधे शब्दही सुटले. आधी पाणी, मग नको, मग मीठ. कुडाळच्या बाईंचे व्यायामही चालू होते, त्यामुळे हा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. सलग वाक्य त्यांना अजूनही येत नाही.

माझं म्हणाल तर, त्यांच्यासोबत घाई चालत नाही. श्वास तोडला की ते बोट वर करतात. असं करत करत बोटाच्या खुणांनीच त्यांनी मला प्राणायाम शिकवला. नंतर मी पंधरा मिनिटं डोळे मिटून बसते. मन तेव्हाही नारळ आणि बांगडे मोजत असतं. फार शांत झाले असं नाही. फक्त एक कळायला लागलं. राग येण्याआधी माझा श्वास गळ्याखाली अडकतो. पूर्वी ओरडून झाल्यावर कळायचं, आता क्षणभर आधी कळतं. कधी तेवढा क्षण पुरतो, कधी नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात नवऱ्याने एकाच वेळेला दोन कुटुंबांना होडी कबूल केली. मी तरातरा धक्क्यावर गेले. वाटेत तो अडकलेला श्वास जाणवला. थांबले, सोडला, आणि काय घोळ झालाय ते साध्या आवाजात त्याला सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "गो, तुका बरा नाय काय?"

यंदा चैत्रात एका पहाटे बाबा म्हणाले, "उभो." आम्हाला आधी कळलंच नाही. मग त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर जोर दिला तेव्हा होडीकडे निघालेल्या नवऱ्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. सतरंजीवर ते उभे राहिले. डावा हात छातीशी आला, उजवा पोटापर्यंतच. एक नाव घेतलं आणि धापा टाकत खाली बसले.

"पुरे आता," नवरा म्हणाला.

बाबांनी मान हलवली. "उद्या."

दुसऱ्या दिवशीही उभे राहिले. तेव्हापासून आमची होडी पंधरा मिनिटं उशिरा सुटते, आणि पाहुण्यांना तसं आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असतं.