अळंबी नंबर नऊ

पावसाळ्यात दर रविवारी अळंब्या बघत फिरणाऱ्या माणसांकडे अळंब्या कमी आणि किस्से जास्त साठतात. अळंबी दोन दिवसांत सडते, किस्सा सडत नाही.

आम्ही चौघं. मी, मालवणचे परब, शेजारच्या हंसाबेन आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर. बोरीवलीत नॅशनल पार्कला लागून आमची सोसायटी, तिच्या मागचं टेकाड हे आमचं जंगल. मी सातवी पास. सगळी नोकरी औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला गेली. पण रुसुला नावाची अळंबी कशी ओळखायची ते मला विचारा. दांडा खडूसारखा कट्‌कन मोडतो, धागे निघत नाहीत, तीच ती. माझ्या वहीत तिचे तेरा प्रकार होते, प्रत्येकाला नंबर. सर म्हणायचे, एवढे नाहीत. मी म्हणायचे, आहेत. भांडण एवढंच.

*

नंबर तीन गुलाबी, पाच फिकी, सहा पांढरी. सरांनी गुलाबी अळंबी घेतली आणि सोसायटीच्या नळाखाली धरली. रंग गेला. पाच झाली. अजून धरली, सहा झाली.

"ताई, पावसाने धुतलेली एकच जात आहे ही."

"साबण लावा," मी म्हटलं, "म्हणजे माझी वहीपण कोरी होईल."

पण दोन नंबर खोडले. खरं ते खरं. पुढच्या रविवारी सर म्हणाले, नऊ नंबर म्हणजे उन्हाने विटलेली आठच. तिथे मी पेन बंद केलं. नऊची जांभळट झाक मी पाच पावसाळे बघत होते.

*

परबांना हा सगळा खटाटोप कळत नसे. "आमच्या गावाक दोनच जाती," ते म्हणायचे. "खावची आणि नको ती. तेरा नावां कित्याक?"

मी त्यांना सांगितलं, कारखान्यात सुपरवायझर आम्हा चौघींना एकच हाक मारायचा, 'ए पॅकिंगवाली'. चौघी एकदम वळायचो. ज्या बाईचं काम नसेल तीही उठायची. अठ्ठावीस वर्षं.

त्या दिवशी जाताना परबांनी पहिल्यांदाच विचारलं, ही कितवी?

*

रुसुलात चवीची एक परीक्षा असते. मुगाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचा, चावायचा, थुंकायचा. जीभ पोळली तर एक गट, नाही पोळली तर दुसरा. सर शेजारी असतील तरच हं, घरी कुणी करू नका.

त्या वर्षी नऊ नंबर एकच उगवली. सरांनी तुकडा घेतला, म्हणाले सौम्य. मी घेतला, म्हटलं तिखट. परब म्हणाले, आधी सौम्य, मगे तिखट. सरांना पटेना, त्यांनी परत घेतला. मग मी कशी मागे राहीन? वाद मिटला तेव्हा हातात मातीचा गड्डा उरला होता. पुराव्याला वाळवून ठेवायची अळंबी आम्ही तिघांनी चाखून संपवली.

हंसाबेन जैन, अळंबी खाणं सोडा, तोडतही नाहीत. बाजूला बसून चित्र काढतात. चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "नाश्ता करून नाय आले काय तुम्ही लोक?"

*

पुढच्या पावसाळ्यात नऊ नंबरच्या तीन मिळाल्या. मी कुणाला हात लावू दिला नाही. हंसाबेनची चित्रं होईपर्यंत थांबले, मग वाळवल्या, तिन्ही पाकिटांवर ठसठशीत '९' लिहिला. सरांनी त्या तपासायला लॅबमध्ये पाठवल्या.

चार महिन्यांनी सर घरी आले. हंसाबेन आणि परब चहाला होतेच. सर बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, चूक माझी. नऊ म्हणजे आठ नाही."

वर्षभर तयार ठेवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण सर थांबले नाहीत.

"आणि नऊ ही एक जातही नाही. तिनात दोन जाती निघाल्या. वरून सारख्याच दिसतात म्हणे."

हंसाबेननी पिशवीतून चित्रांची वही काढली. एका पानावर दोन अळंब्या होत्या. तिसरी वेगळ्या पानावर, दांडा जरा आखूड, टोपीची कड जरा खाली वळलेली.

"हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?" मी विचारलं. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तिन्हीवर नऊ लिहिलेला ना," हंसाबेन म्हणाल्या. "मग मी काय बोलणार?"