पोलीस शिट्टी वाजवतात

"बूरमान, थांबा." बोलणे पटेनासे झाले की ते उजवी तर्जनी उभी करून एवढेच म्हणत. बूरमान म्हणजे डच भाषेत शेजारी; माझे डच शेजारी मला तशीच हाक मारत. हॉलंडमधल्या आल्मेरेत आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढे कुंपण होते. ते शंभरीकडे झुकलेले, मी ऐंशीचा. माझा मुलगा आणि सून सकाळच्या गाडीने आम्स्टरडॅमला गेली की घरांच्या त्या रांगेत दिवसभर आम्ही दोनच माणसे उरत असू. आमचे बोलणे मोडक्या इंग्रजीत चाले आणि माघार घेणे दोघांनाही ठाऊक नव्हते.

येथील मराठी मंडळी त्यांच्याविषयी जे सांगतात, ते मला मान्य नाही. गणपतीच्या जेवणाला मी त्यांना घेऊन गेलो होतो. त्यांनी ताटातला मसालेभात न चाखताच बाजूला सारला. तेवढ्यावर निकाल लागला: "काका, तुमच्या शेजाऱ्याला आपलं जेवण चालत नाही. गोरा तो गोराच!" वाचकहो, आपणही माणसे पाहिलेली आहेत. एका ताटावरून माणूस ओळखणाऱ्यांना आपण काय म्हणाल? मी अर्धवट म्हणतो, आणि तोंडावर म्हणालो आहे.

भाताचे कारण मला माहीत होते. इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि हॉलंडला ती वसाहत सोडवत नव्हती, तेव्हा विशीतल्या या मुलाला सरकारने सैनिक म्हणून जावा बेटावर धाडले. "एका घरात शिरलो," त्यांनी मला सांगितले होते. "आत माणूस नाही. चुलीवर भात, गरम. आम्ही तो खाल्ला आणि मग घर पेटवून दिले." त्यानंतर त्यांनी भात खाल्ला नाही. हे सांगताना ते ढसाढसा रडले, असे आता कोणीतरी पसरवले आहे. साफ खोटे. ते बटाटे सोलत होते आणि सोलतच राहिले.

आमचे खरे भांडण झाले ते एका शब्दावरून. त्या मोहिमेला हॉलंडच्या सरकारने 'पोलीस कारवाई' असे नाव दिले होते. ते ऐकताच मी उत्साहाने म्हणालो, "आमच्याकडेही झाली!" मी मराठवाड्याचा. निजामाच्या राज्यातून आम्ही सुटलो, त्या प्रसंगाला आमच्याकडची जुनी माणसे आजही 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. माझे वडील निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. देव्हाऱ्यातल्या टाकासारखा मी तो शब्द सांभाळला आहे.

तर्जनी वर गेली. "रणगाडे होते?"

"होते."

"बूरमान, पोलीस शिट्टी वाजवतात. रणगाडे आले की त्याला युद्ध म्हणतात. आमच्या भाषेत ओर्लोख."

"तुम्ही गुलाम ठेवायला गेला होता, आमचे लष्कर सोडवायला आले होते! एकाच तागडीत तोलू नका."

"तोलत नाही, नाव विचारतो. पोलीस परत गेल्यावर तुमच्या गल्लीत होते तेवढे सगळे उरले?"

आमच्या गल्लीतील मुसलमान अत्तरवाल्याचे दार त्यानंतर उघडले नव्हते. कितीतरी दिवस मी कुंपणाकडे फिरकलो नाही आणि ते दिवस सरता सरत नव्हते. संध्याकाळी नातीशी बोलावे तर तिला मराठी समजते, पण उत्तर डचमध्ये येते. अखेर एका सकाळी कुंपणावरून हाक आली, "बूरमान, भांडायला कोणी नाही हो."

त्यांची इच्छा एकच होती. त्यांचा मुलगा सत्तरीचा, सभ्य गृहस्थ. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "बाबा पोलीस कारवाईत होते, सुव्यवस्था राखायला." त्याने एकदा तरी आपल्यादेखत त्या मोहिमेला युद्ध म्हणावे, एवढेच त्यांना हवे होते. "पोलिसाचा मुलगा म्हणून तो सुखात आहे," ते म्हणत. "पण मी पोलीस नव्हतो. मग तो मला ओळखतो तरी कुठे?"

त्यांच्या वाढदिवसाला मला बोलावणे होते. डच वाढदिवसाला सगळे खुर्च्यांचे कोंडाळे करून बसतात आणि प्रत्येकाला केकचा एक तुकडा मिळतो. मुलाने कॉफीचा कप उंचावून नेहमीचे वाक्य म्हटले.

"ओर्लोख," म्हातारा बशी खाली ठेवत म्हणाला.

"पा, आज नको," मुलगा म्हणाला.

कोणी कॉफी ढवळू लागले, कोणी हवामानावर बोलू लागले. तेव्हा मी उभा राहिलो. "आमच्या देशातही पोलीस ॲक्शन म्हणतात," मी म्हणालो, "पण ते युद्धच होते." वडिलांचा शब्द मी असा परक्या दिवाणखान्यात उतरवून ठेवला. मुलगा नम्रपणे म्हणाला, "मीनेर, हा आमच्या घरचा विषय आहे." मी बसलो. म्हाताऱ्याने आपला केक माझ्या बशीत सरकवला.

हिवाळ्यात ते गेले. अंत्यविधी होऊन गेल्याचे मला नंतर कळले. मराठी मंडळातील लोक म्हणाले, "सुटले हो, काका." मुळीच सुटले नाहीत. त्यांना हवे होते ते मिळाले नव्हते.

पुढे त्यांचा मुलगा घर रिकामे करायला आला. दिवसभर सामान गाडीत चढवत होता. संध्याकाळी तो कुंपणापाशी येऊन घुटमळला.

"बाबा तुमच्याशी बोलायचे. त्यांनी तुम्हाला कधी... युद्धाबद्दल काही सांगितले होते?"

"काय म्हणालात?" मी विचारले. माझे कान उत्तम आहेत.

"युद्धाबद्दल," तो म्हणाला, आणि मग आपल्या भाषेत, मोठ्याने, "ओर्लोख."

त्याच्या पाठीमागे घराचे दार सताड उघडे होते. शब्द आतपर्यंत गेला असणार. आत कोणी नव्हते.