कांबळेचं ताकदीचं चूर्ण

१९९६ साली आमची कंपनी कोल्हापूरबाहेर कॅम्पवर होती. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. एमआय रूम, म्हणजे फौजेतला दवाखाना, माझ्या ताब्यात. पायांचे फोड, मुरगळा आणि पीटी चुकवणाऱ्यांची पोटदुखी, एवढाच पसारा. मजेत होतो.

पलटणीत रीत असते. सुट्टीवरून आलेल्याची पेटी सगळ्यांची. नेसरीचा लान्स नाईक कांबळे आला तो ताकदीच्या चूर्णाचा डबा घेऊन. बाजारात कुणा वैदूनं दिलेलं झाडपाल्याचं चूर्ण, डब्यावर ना नाव ना गाव. कबड्डीची मॅच तोंडावर होती. संध्याकाळी कांबळेसकट टीम शहरातल्या दूध कट्ट्यावर, जिथं म्हशी गिऱ्हाइकासमोरच पिळतात तिथं, गेली आणि म्हशीच्या धारोष्ण दुधात चूर्ण ढवळून प्याली.

सकाळी एक गडी सोडून सगळी टीम आडवी. मी वायरलेस सेटवर डॉक्टरसाहेबांना कळवलं.

"कॅज्युअल्टी सहा. उलट्या, जुलाब, ताप. ओव्हर."

"काय खाल्लं? ओव्हर."

"कच्चं दूध, सर. ओव्हर."

टीमचा सातवा गडी, शेख, मात्र ठणठणीत उभा होता. त्याला विचारलं, "तू दूध प्यायला नाहीस?"

"प्यालो की. चूर्ण तेवढं न्हाय घेतलं. लई कडू हाय."

मी कांबळेच्या खाटेकडे धावलो. गडी पाण्यात आणखी एक चमचा चूर्ण कालवत होता.

"औषध लागू पडलंय, उस्ताद," तो म्हणाला. "समदी घाण भाईर पडतीया."

प्रत्येक जुलाबानंतर त्यानं एकेक चमचा घेतला होता. मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्याची नाडी बोटांना लागत नव्हती. डबा हिसकावला आणि दोन्ही हातांना सलाईन लावलं.

दुपारी त्यानं डोळे उघडले. तोवर येऊन पोचलेले डॉक्टरसाहेब म्हणाले, "अजून एक चमचा, आणि हा गेला असता." तपासणीत जंतू चूर्णातच निघाले. उंदरांचा वावर असलेल्या जागी पाला वाळवला असावा, असं साहेबांचं मत. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं आपण धरून चालतो. धोतऱ्याचं विषही झाडालाच लागतं.

मॅच आम्ही न खेळता हरलो. कुणालाच वाईट वाटलं नाही.

काही वर्षांनी कांबळे सीमेवर चकमकीत पडला. मी नेसरीला गेलो. कॅम्पनंतर जन्मलेली त्याची पोर आतून पलटणीचा फोटो घेऊन आली. वीस-पंचवीस जण, सगळे एकाच वर्दीत. तिनं न चुकता बोट ठेवलं आणि मला सांगितलं, "ह्यो माजा बाबा. मला खांद्यावर घ्यायचा."